पुढे नवे, मागे गोटे

आमच्या व्हॅनचा मी चालक आहे. मालक नाही. जेवणाचे डबे बायकोचे, गिऱ्हाइकं हिची, हिशेबाची वही हिची. माझ्याकडे किल्ली आणि मतं. मागच्या दारावर मी हौसेने ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ असं ठसठशीत लिहून घेतलंय. म्युनिकच्या एका पोलिसाने थांबवून विचारलं, हे कंपनीचं नाव का? मी मान डोलावली. भांडवल त्यांचंच होतं, म्हणजे तसं खोटंही नाही.

टायर हा माझा खास प्रांत. वडिलांचा, म्हणजे आबांचा, टेम्पो होता, वाईहून भाजी भरून खंबाटकीचा घाट ओलांडून पुण्याच्या मार्केट यार्डात जायचा, आणि मी त्या टेम्पोच्या हौद्यात वाढलो. त्यामुळे इथल्या मराठी मंडळातल्या इंजिनिअर लोकांना टायरवर व्याख्यान देण्याचा परवाना आपल्याला जन्मतःच मिळाला आहे, अशी माझी समजूत. सांगायचो, “अहो, उन्हाळी टायरचं रबर म्हणजे आपलं खोबरेल. पारा सात अंशांच्या खाली गेला की थिजायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात.” लोक माना डोलवायचे. हिच्या पुरणपोळ्या मिळेपर्यंत डोलवायचे, हे मला उशिरा कळलं.

इथे टायर बदलायची बोलीभाषेतली मुदत आहे ‘ओ ते ओ’, म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न, अर्थात ईस्टर. कायद्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा काचेसारखा गोठलेला थर असला की टायर हिवाळी हवेत, एवढंच. मी आपला ‘दसरा ते पाडवा’ असा अनुवाद केला. दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडू वाहायचा, टायर बदलायचे. 2023 च्या दसऱ्याला झेंडू वाहिला. टायर राहिले.

कारण आमचे हिवाळी टायर झिजून संपले होते. गॅरेजच्या मालकीणबाईंनी दोन युरोचं नाणं नक्षीत खोचलं. त्याची बाहेरची रुपेरी कड साधारण चार मिलिमीटरची. ती अर्धी बाहेरच राहिली. कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरतात, पण बर्फाला कायदा कुठे वाचता येतो? नवे घ्या, म्हणाल्या. आणि कागदावर लिहिलं : 215/65 आर 16 सी, 109/107.

मी तो ‘सी’ पाहिला आणि दुखावलो. वाईच्या शाळेपासून सी मिळाल्याची मला सवय होती, पण विकत कोण घेईल? “ए ग्रेडचे दाखवा,” मी म्हणालो. बाईंनी शांतपणे सांगितलं, की हा सी कमर्शियलचा. गाडी माल वाहणारी, म्हणून टायर जाड कण्याचा. 109 म्हणजे एका टायरवर 1030 किलो. रेघेपलीकडचा 107 जोडचाकांसाठी, तिथे एकेकावर 975. कारचे स्वस्त टायर याच मापात बसतील, पण आमटीची पातेली भरल्यावर ते बसतील ते खालीच. आणि फक्त ‘एम+एस’ लिहिलेले जुने दिसले तर भुलू नका, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह बघा. 1 ऑक्टोबर 2024 पासून तेच चालणार. मी हे सगळं पाठ केलं. पुढच्या व्याख्यानाला कामी येणार होतं.

याच गॅरेजात आमच्या उन्हाळी टायरांसाठी हॉटेल आहे. थट्टा नाही, जर्मन शब्दच ‘रायफेनहोटेल’, टायरांचं हॉटेल. मोसम संपला की टायर तिथे मुक्कामाला. आधी आंघोळ घालतात, मग तपासणी, मग गाडीचा नंबर आणि ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ अशी चिठ्ठी लावून मांडणीवर ठेवतात. थंड, कोरडी, अंधारी खोली. माझे मामा मुंबईला शिकायला गेले तेव्हा त्यांना चाळीच्या गॅलरीत, तेही पाळीने, झोपायला मिळालं होतं; चिठ्ठी कुणी लावली नव्हती. आणि आमच्याकडच्या टायराचं आयुष्य आठवा. आधी टेम्पोला पुढे. मग मागे. नक्षी गेली, गोटा झाला की रिमोल्ड, म्हणजे पुनर्जन्म. पुन्हा गोटा झाला की स्टेपनी. स्टेपनीतूनही उतरला की आम्हा पोरांच्या हाती, काठीने हाणत नदीच्या घाटापर्यंत. मी या खेळात आळीत पहिला होतो, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठेच नोंद नाही. त्यानंतर चिंचेला झोपाळा. दोर तुटला की तो टायर कापून चपला. त्या चपला घालून आमचे चुलते तीन पावसाळे शेतात चिखल तुडवत होते, आणि चौथ्या वर्षी त्या चोरीला गेल्या. म्हणजे तेव्हाही त्यांना बाजारभाव होता! आमच्या गावच्या टायराला हॉटेलात ठेवलं असतं तर लाजेनेच पंक्चर झाला असता.

असो. टायरांकडे येतो.

चार टायरांचा भाव ऐकला आणि माझ्यातला वाईकर जागा झाला. आबांचा नियम होता : पुढे नवे, मागे जुने. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं. शिवाय आमची व्हॅन पुढच्या चाकांवर ओढणारी. म्हणजे दोनच पुरे! “आमचं पिढीजात शास्त्र आहे,” असं हिला सांगितलं. बाई दोन बसवून देईनात, म्हणून ऑनलाइन मागवून, जुन्या डिस्कांवर दुसरीकडे चढवून, रविवारी स्वतःच पुढे जॅक लावला; मागे उन्हाळीच राहिले. जर्मनीत रविवारी पान्याचा आवाज करणं हे पाप आहे. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून जे पाहिलं त्याला शब्दांची गरज नव्हती.

नोव्हेंबरच्या अखेरीस बर्फ पडला. फार नाही, दोन बोटं. डबे पोचवून इसार नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याने परत येत होतो. व्हॅन रिकामी, मागून हलकी. ब्रेक लावला. पुढच्या नव्या टायरांनी लगेच ऐकलं, मागच्यांना बातमीच पोचली नाही. एकदम आरशात जे दिसायला हवं ते खिडकीत दिसू लागलं. ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ मला ओव्हरटेक करत होता. शेवटी बर्फाच्या ढिगाऱ्याला टेकून, आलो त्या दिशेला तोंड करून उभा राहिलो. मागून मंडळाचे खजिनदार आपल्या कारमधून आले. काच खाली करून म्हणाले, “खोबरेल थिजलं का?”

पोलीस आला असता तर 60 युरो आणि वर एक गुण. हे गुण मिळवायचे नसतात. उत्तरेला फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावी इथला चित्रगुप्त बसतो, तो लिहून ठेवतो.

घरी आल्यावर हात कापत होते, ते लपवायला आबांना फोन लावला. खरं तर भांडायलाच. “तुमचं शास्त्र चुकलं, आबा. मागची ग्रिप गेली की गाडी फिरते. पुढे नवे, मागे जुने हे बरोबर नाही.”

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.

“शास्तर कसलं रं त्यात,” आबा म्हणाले. “चार टायरांचं पैसं एकदम कवा आलंच न्हाईत. दोनाचं यायचं. मग फुडं घालायचो.”

मला काही बोलता येईना. पंचवीस वर्षं मी हा नियम लोकांना सांगत होतो. पावसाळ्यात घाट उतरताना आबा शीळ घालायचे. मला वाटायचं, मजेत आहेत.

“आता तू चारी घाल,” ते म्हणाले. “आन् बायकोला इचारून घाल.”

शुक्रवारी, 1 डिसेंबरला, चार घातले. सी, 109/107, डोंगर, हिमकण, सगळं. बाईंनी आधीच्या दोनांबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त पावती जरा जोरात फाडली. रात्री बर्फ सुरू झाला तो थांबेचना. शनिवारी म्युनिकमध्ये 40 सेंटिमीटरच्या वर साचला होता; विमानतळ बंद, आगगाड्या बंद. आमची गाडी कुठली आणि शेजाऱ्यांची कुठली, हे अंदाजाने ठरवावं लागत होतं. शहरातले उत्तम टायर बहुधा माझेच असतील, आणि ते कुणालाही दिसत नव्हते.

तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल आला. टायर बघायचेत म्हणाले. फावडं घेऊन उतरलो, कमरेत वाकून अर्धा तास खणलं आणि पुढचं चाक मोकळं केलं. फोन जवळ नेला. आबांनी चष्मा सारखा केला, पडद्यावरच अंगठ्याचं नख दाबून पाहिलं.

“हां,” म्हणाले. “आता मागचं दाव.”