सन्माननीय साडेतेहतीस अंशांस खुले पत्र

प्रति,
ओले तापमान ३३.५ अंश सेल्सिअस,
मु. पो. कोळसा खाण विनियम, २०१७



सर्वप्रथम अभिनंदन. १९५७ चे विनियम गेले, २०१७ चे आले, पण आपली खुर्ची हलली नाही. आपल्या मागण्याही किती माफक! भूमिगत खाणीत ओल्या बल्बचा, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा, पारा आपल्यापुढे जाऊ नये आणि ३०.५ ओलांडला तर सेकंदाला किमान एक मीटर वेगाने वारा खेळावा. इतका अल्पसंतुष्ट अधिकारी सरकारदरबारी विरळाच.

आपली निवड चुकीची होती, असे नाही. नुसता घाम गाळून अंग निवत नाही, तो सुकावा लागतो. दमट हवेत तो सुकत नाही, आणि ओला बल्ब नेमके तेच सांगतो. पण आपला निःपक्षपातीपणा जरा अतीच आहे. छताला बोल्ट मारणारा आणि पंपाशी बसलेला पंप खलाशी आपल्या लेखी सारखेच. खाणीत मुरलेला आणि कालच भरती झालेला, तेही सारखेच.

जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या एका शास्त्रज्ञाने १९०५ सालीच नोंदवून ठेवले होते, की स्थिर हवेत ओले तापमान ३१ च्या वर गेले की स्वस्थ बसलेल्या माणसाचेही अंग तापू लागते, राबणाऱ्याचे त्याआधीच. पण जुने कागद वाचायला आपल्याला सवड कुठली?

आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकाला, आपल्या परदेशी नातलगाला, मात्र नसत्या चौकशा फार. काम किती जड? माणूस उष्णतेला सरावलेला आहे का? त्याचे मोजमाप वेगळे. ते ओल्या बल्बसोबत आसपासच्या वस्तूंची धगही धरते. त्या मापाने जड कामासाठी तो सरावलेल्याला २६ आणि नवख्याला २३ अंशांचे संदर्भमूल्य देतो. आपली ओल्या पाऱ्याची मर्यादा गाठली, तर हे माप सहसा ३३.५ च्या खाली राहतच नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की एकहाती कारभार सोडा. कामाच्या जडपणानुसार वेगळ्या मर्यादा, नवख्यासाठी हळूहळू वाढणारे तास, सक्तीची विश्रांती आणि हाताशी पिण्याचे पाणी, एवढे सहकारी शेजारी बसवून घ्या. आपण हवेची परीक्षा घेता. परीक्षा राबणाऱ्या शरीराच्या सोसण्याची व्हायला हवी. हे आपल्याला जमणार नसेल, तर केंद्र सरकारने आपल्याला सन्मानाने निवृत्त करावे.

कळावे,
त्याच कोळशाच्या विजेवर फिरणाऱ्या पंख्याखाली बसलेला,
एक वीजग्राहक