रात्री प्लग लावा, सकाळी निघा

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या नवख्याला शोरूममध्ये सांगतात, रात्री प्लग लावा, सकाळी निघा. यात खोटं काही नाही. पंधरा-सोळा अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला तीनेक युनिट वीज जाते. ३० युनिटांची बॅटरी दहा तासांत भरते. फक्त तो सॉकेट पार्किंगमध्ये बसवायला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते किती तासांत मिळतं हे माहितीपत्रकात छापत नाहीत. कमिटीतल्या एका काकांना आगीची भीती वाटते. जिन्याखालच्या मीटरपेटीत लोंबणाऱ्या वायरींची वाटत नाही. त्या जुन्या आहेत ना.

मग उरतो रस्त्यावरचा चार्जर. इथे ‘झीरो बघा साहेब’ म्हणणारा कुणी नसतो. आधी ॲप, मग ओटीपी, मग वॉलेटमध्ये आगाऊ पैसे. पुढच्या गावात कंपनी दुसरी, म्हणून ॲपही दुसरं.

८० टक्क्यांच्या आसपास फास्ट चार्जर बॅटरी जपायला हात आखडता घेतो, म्हणून जाणकार तिथेच वायर काढून वाटेला लागतात. पण थांबलोच आहोत तर टाकी फुल्ल, हा आपला बाणा! त्यामुळे ९३ टक्क्यांवर एक कुटुंब दुसरा वडापाव मागवतं आणि रांगेतले १२ टक्केवाले काचेआडून त्यांची चटणी मोजत बसतात. शेजारचा चार्जर चालू असतो, पण त्याच्यापुढे डिझेलची गाडी उभी असते. तिथे सावली चांगली आहे.