मुक्ती, पण इंग्रजीत

१९६८ साली केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नैरोबीच्या विद्यापीठातला इंग्रजी विभागच बंद करा, अशी मागणी केली. पुढे न्गुगींनी तुरुंगात, शौचालयाच्या कागदावर, गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. आपल्याकडे हे न्गुगी शिकवले जातात ते इंग्रजी विभागातच. इंग्रजीचे जोखड कसे झुगारावे, यावर उत्तर इंग्रजीत लिहायचे. तेही बहुधा गाइडमधून घोकलेले. व्याकरण चुकले की गुण कापले जातात. देशीवाद मांडणारे भालचंद्र नेमाडेही पेशाने इंग्रजीचेच प्राध्यापक होते, हा योगायोग जाऊ द्या. एवढ्यावर, भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉलेसाहेबांना या पेपरात पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नसावी.