बगळा कुठला?

(पुण्यातली एक पेठ, सकाळचे साडेदहा. सायकलचं दुकान म्हणजे वर पत्रा, खाली बाकडं, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि छताला टांगलेली टायरं. मिस्त्री पंचाहत्तरीच्या पुढचे, संग्राहक पंचेचाळिशीचा. संग्राहकानं सायकल चादरीत गुंडाळून टेम्पोतून आणली आहे. सायकलला टेम्पोतून उतरताना पाहून मिस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला आहे.)

संग्राहक : हळू काका, हळू! चादर मी काढतो.

मिस्त्री : काढा. बाळंतिणीला आणतात तशी आणलीत. पंक्चर आहे?

संग्राहक : पंक्चर कसलं, मी चालवलीच नाहीये. रॅले आहे. नॉटिंगहॅमची! मागचा वाडा पाडत होते ना, तिथून घेतली. १८ हजार.

मिस्त्री : वाड्यासकट?

संग्राहक : फक्त सायकल. आता हा काळा रंग बघा. कारखान्यातला. पासष्ट वर्षांत कुणी हात लावलेला नाही. आणि ही सोनेरी रेघ. तिकडं रेघा ओढायला वेगळे कारागीर असायचे. ब्रश बुडवला की एका दमात...

मिस्त्री : दोन दमांत. मध्ये मला शिंक आली. हे बघा, इथं जाड झालीय.

संग्राहक : तुम्हाला?

मिस्त्री : सोळा वर्षांचा होतो. गणपतीच्या मखराचा सोनेरी रंग उरला होता, तो मारला. ही सरांची सायकल. शिकायला विलायतेला गेले होते, येताना बोटीनं घेऊन आले.

संग्राहक : (बाकड्यावर बसतो.) म्हणजे रंग तुमचा.

मिस्त्री : रंग वडिलांचा, रेघ माझी.

संग्राहक : ठीक आहे. रंग गेला. पण हा गंज? हा तर खरा आहे? ह्याला पॅटिना म्हणतात, काका. हा घासायचा नसतो, वरून मेण लावून जपायचा असतो.

मिस्त्री : आमच्याकडं गंज काढायचे पैसे पडतात. तुमच्याकडं ठेवायचे पडतात वाटतं.

संग्राहक : आणि हा साधासुधा गंज नाही. हा पानशेतचा असणार! १२ जुलै १९६१!

मिस्त्री : पानशेतचा गंज आम्ही तेव्हाच रॉकेलनं काढला. मी नुकता हवा भरायला लागलो होतो. पूर ओसरल्यावर महिनाभर दुसरं काम नव्हतं, जो येईल त्याच्या हबात चिखल. हा गंज गेल्या पावसाळ्यातला. बिल्डरनं कमोडच्या खोक्यांशेजारी उघड्यावर टाकली होती. मी रोज जाता-येता बघायचो.

संग्राहक : मग घेतली का नाहीत?

मिस्त्री : माझ्याकडं १८ हजार नव्हते.

संग्राहक : (उठून पुढच्या नळीवरची पाटी पुसत) बरं, हे तरी मान्य कराल? हा बगळा. रॅलेची खूण. ही पाटी मी भिंग लावून पाहिलीय.

मिस्त्री : भिंगातून बगळा मोठा दिसतो, त्याचं गाव दिसत नाही. हा आसनसोलचा. सेन-रॅले. त्यांचाही बगळाच.

संग्राहक : बंगालमधला?

मिस्त्री : सरांनीच बदलायला लावला. म्हणाले, विलायती पाटी दिसली की चोराचे हात शिवशिवतात. सायकल अशी करून दे, की उचललीच कुणी, तर कीव येऊन परत आणून ठेवील. मग आम्ही काळा रंग मारला, देशी मडगार्ड बसवलं, भाजीवाल्याचं कॅरिअर लावलं. पाच रुपये मजुरी. सरांनी साडेचार दिले.

संग्राहक : आणि सीट? ब्रुक्स आहे, काका! १८६६ पासूनची कंपनी. आधी घोड्यांचा चामडी सरंजाम करायचे. असं सांगतात, की मालकाचा घोडा मेला, म्हणून तो सायकलवर बसायला लागला, आणि तिचं सीट सोसेना म्हणून त्यानं चामड्याचं काढलं.

मिस्त्री : घोडा मेला ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. आजची तुमची चौथी खेप. तीनदा नुसते फोटो दाखवून गेलात.

संग्राहक : सीट खरं की खोटं, तेवढं सांगा.

मिस्त्री : सांगाडा खरा. कातडं पुरात कुजलं. नवं आमच्या चपलावाल्यानं चढवलं, कोल्हापुरीच्या कातड्याचं. म्हणून तर बसलं की करकरतं.

(संग्राहक सीटवर हात दाबून पाहतो. सीट करकरतं. बराच वेळ कुणी बोलत नाही.)

संग्राहक : मागचा हब. त्यावर ५८ उमटलंय. स्टर्मी-आर्चर हबवर ज्या त्या सालचा आकडा मारायचे.

मिस्त्री : हब खरा. थ्री-स्पीड. मागं ४० आरे, पुढं ३२, तेही खरं. रिमा मात्र आमच्या. मूळच्या सत्तावीस इंची होत्या, त्यांना इथं टायर मिळेना.

संग्राहक : टायरचं तर विचारूच नका! मी बाहेरून मागवलं. अठ्ठावीस इंची, व्यवस्थित छापलेलं. बसतच नाही!

मिस्त्री : कुठलं अठ्ठावीस?

संग्राहक : तेच तर! एका अठ्ठावीसची रिम ६२२ मिलिमीटर आणि दुसऱ्या अठ्ठावीसची ६३५.

मिस्त्री : आणि सत्तावीस?

संग्राहक : ६३०.

मिस्त्री : म्हणजे सत्तावीस एका अठ्ठावीसपेक्षा मोठा आणि दुसऱ्यापेक्षा लहान. ह्यापेक्षा आमच्या चपलावाल्याची मापं बरी. ह्या रिमांना अठ्ठावीस-दीड लागतं. ते बघा डोक्यावर लटकतंय. दूधवाले हेच नेतात.

संग्राहक : दूधवाल्याचं टायर ह्या सायकलला?

मिस्त्री : सायकलला चालतं. तुमचं तुम्ही बघा. आज काय काम काढलंय?

संग्राहक : पायडलचा उजवा कप निघत नाहीये. चार संध्याकाळी लागलोय. पान्याला तीन फुटी पाइप लावला. काल सासऱ्यांना पाइपवर उभं केलं.

मिस्त्री : फिरवलात कुणीकडं?

संग्राहक : डावीकडं. डावीकडं फिरवलं की सगळं सैल होतं.

मिस्त्री : सगळं होतं, इंग्रजी सायकलचा उजवा कप होत नाही. त्याचे आटे उलटे. पायडल मारता मारता आपोआप सुटू नये म्हणून. चार संध्याकाळी तुम्ही घट्ट करत होतात.

संग्राहक : सासरे...?

मिस्त्री : त्यांनी फायनल टाइट केलं.

(मिस्त्री पान्याला हातोडीची एक टिचकी देतात, उजवीकडं. कप कुरकुरून सुटतो. संग्राहकाच्या चेहऱ्यावर आनंद आणि अपमान एकाच वेळी.)

संग्राहक : काका, खरं सांगू का? मी हरलो. रंग तुमचा, गंज बिल्डरचा, बगळा आसनसोलचा, सीट कोल्हापूरचं. घरी बायकोला सांगितलंय की शेवटची. ह्याआधीच्या अकराही शेवटच्याच होत्या. दोन पलंगाखाली आहेत, एक बाथरूममध्ये. पाहुणे आले की आंघोळीआधी सायकल बाहेर काढावी लागते. आता बारावी अशी निघाली, हे कुठल्या तोंडानं सांगू?

मिस्त्री : रडू नका. सीट हलतंय तेवढं बघतो, त्याचे पैसे नाहीत. (नट सैल करून सीट पिलर उपसतात.) आहे अजून. मीच घातला होता.

संग्राहक : काय ते?

मिस्त्री : डालड्याच्या डब्याचा पत्रा. मूळचा पिलर अल्युमिनियमचा, पुरानंतर आत चिकटून बसला. दोन दिवस करवत चालवली तेव्हा निघाला. मग साधा एक इंची घातला, तर हिच्यात डुगडुगायला लागला. म्हणून तीन वेढे पत्रा.

संग्राहक : (दचकून) तीन वेढे? इतर सायकलींना लागतो का पत्रा?

मिस्त्री : छे. त्यांच्यात बरोब्बर बसतो. हिचीच नळी आतून रुंद.

संग्राहक : बाहेरून?

मिस्त्री : बाहेरून सगळ्यांसारखीच.

संग्राहक : काका, व्हर्नियर! व्हर्नियर आहे?

मिस्त्री : आहे. ओरडू नका, समोर बँक आहे, त्यांना दरोडा वाटेल.

संग्राहक : (माप घेत, हात थरथरत) बाहेरून २८.६. आतून... सव्वीसच्या वर... सत्तावीसच्या वर! २७.२ चा पिलर घ्यायची नळी! म्हणजे नळीची जाडी जेमतेम ०.६ मिलिमीटर! काका, ही ५३१ आहे!

मिस्त्री : कलम?

संग्राहक : पोलाद! रेनॉल्ड्स ५३१, बर्मिंगहॅम, १९३५ सालचं. मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं. नळी टोकाला, जिथं सांधा येतो तिथं जाड, मध्ये पातळ. ते करायची युक्तीही त्यांचीच. ई-टाइप जग्वार माहितीये? तिच्या पुढच्या सांगाड्यातसुद्धा हेच. आणि गंमत म्हणजे मूळचा धंदा खिळ्यांचा!

मिस्त्री : आमचं पण तसंच. आजोबा बैलगाडीची चाकं करायचे. आकडा काही आम्हाला ठाऊक नव्हता. पण उचलली की कळायचं. सर हिला एका हातात धरून जिना चढायचे, दुसऱ्या हातात भाजी.

संग्राहक : त्यांना ठाऊक असणार!

मिस्त्री : नाहीतर एवढं सोंग कशाला करतील? दर रविवारी पहाटे पाचला यायचे. मी मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळं उतरवायचो. कात्रजचा घाट चढून नऊच्या आत परत. की पुन्हा सगळं लावायचं. सोमवारी कॉलेजात कारकुनाची सायकल. तेरा वर्षं चाललं. मग गुडघे गेले.

(संग्राहक पत्र्याचा तुकडा उलगडून उन्हात धरतो. पिवळ्या रंगावर माडाचं अर्धं झाड.)

संग्राहक : ह्यावर माड अजून शाबूत आहे. हा तुकडा मी ठेवणार. हाच माझा पुरावा.

मिस्त्री : ठेवा. पाचशे रुपये.

संग्राहक : डालड्याच्या पत्र्याचे?

मिस्त्री : पासष्ट वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

संग्राहक : (पैसे काढत) घ्या. आता मी हिला मूळ रूपात आणणार. इटलीत गायोले नावाचं गाव आहे. तिथं १९९७ पासून जुन्या सायकलींची फेरी निघते, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून. सायकल १९८७ च्या आधीची लागते, पायडलला पट्टे, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून. नियम कडक आहेत.

मिस्त्री : ब्रेकच्या तारा बाहेरून नसल्या तर जायच्या कुठून? असल्या सायकली मी रोज नीट करतो. तुम्ही जाणार चालवायला?

संग्राहक : जायचं म्हणतोय. माझा पण गुडघा जरा... पण सायकल तयार पाहिजे. फक्त मूळचं हँडल कुठं मिळणार? खाली वळलेलं, मेंढ्याच्या शिंगांसारखं.

मिस्त्री : मान वर करा.

संग्राहक : टायरं आहेत.

मिस्त्री : टायरं कशाला अडकवलीत?

(संग्राहक वर बघतो. खाली वळलेल्या एका हँडलच्या दोन्ही शिंगांना मिळून नऊ टायरं. तो बाकड्यावर चढतो. बाकडं डगमगतं. मिस्त्री ते पायानं धरतात.)

संग्राहक : काका! आणि बगळा? नॉटिंगहॅमचा? तोसुद्धा असेल! तुम्ही काही टाकत नाही!

मिस्त्री : आहे ना. घरी कपाटाच्या दाराला भोक पडलं होतं, उंदीर जायचा. त्यावर ठोकलाय. उंदीर तेव्हापासून बंद.

संग्राहक : मी आत्ता येतो काढायला. सांगाल ती किंमत.

मिस्त्री : काढायचा नाही. साठ वर्षं तो तिथं आहे. खालचं लाकूड वेगळ्या रंगाचं झालंय, कडेनं बायकोच्या हळदी-कुंकवाचे डाग पडलेत. मघाशी काय म्हणालात त्याला?

संग्राहक : (खालच्या आवाजात) पॅटिना.

मिस्त्री : हां. तो घासायचा नसतो, जपायचा असतो. न्यायचा तर दारासकट. आणि टेम्पो थांबवून ठेवा, चादर लागेल.