पोवळं बसलं विमानात

आमच्या जळकोटात बातमी हायवेवरून कमी आणि कुंपणावरून जास्त येते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गाड्या गावाकडे न बघता निघून जातात. खरी वाहतूक चालते ती माझ्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणामधल्या कमरेएवढ्या दगडी भिंतीवरून. या भिंतीवरून आजवर विरजण गेलंय, मोगऱ्याची कलमं गेलीत, दोन मोडलेली लग्नं पुन्हा जुळलीत. मला शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी काकू मला अजून ‘बाई’च म्हणतात.

परवा सकाळी शेंगा वाळत घालता घालता त्यांनी हाक मारली.

“बाई, ऐकलाव का? आमच्या जावयानं इमानातनं पोवळं नेलं. जितं!”

“जितं पोवळं? काकू, तुमच्या अंगठीतलं कधी हललंय का?”

“त्येच तर! मंगळाचं म्हणून ईस वर्सं घालायले मी, एकदा बी वळवळलं न्हाई. पर पोरगी म्हणली, आई, ह्ये जितं असतंय, ह्येला खायाला लागतंय.”

हळूहळू उलगडा झाला. जावई टेक्सासला. दिवाणखान्यात दोनशे लिटरची काचेची पेटी, तिच्यात समुद्र. शिकागोच्या मित्राकडे तसलाच समुद्र. त्यानं आपल्याकडच्या प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा कापून जावयाला दिला.

“कापून? मग मेलं न्हाई का त्ये?”

“तुम्ही मला मोगऱ्याचं कलम दिलंत, तो मेला का? प्रवाळाचंही तसंच. फांदीचा तुकडा चिनी मातीच्या चकतीवर चिकटवतात, तो वाढतो.”

“म्हंजी झाड हाय.”

“नाही.”

“मग दगूड.”

“दगड ते स्वतः बांधतं. काकू, ते जनावर आहे. टाचणीच्या टोकाएवढे, मुगाएवढे जीव. तोंडाभोवती बारीक बारीक हात. खाली चुन्याचं घर बांधतात आणि पिढ्यान्पिढ्या एकमेकांना चिकटून राहतात.”

“एकत्र कुटुंब म्हणा की.”

“आणि भाडेकरूसुद्धा ठेवतात. अंगात बारीकसं शेवाळ असतं. ते उन्हावर अन्न शिजवतं आणि बहुतेक सगळं मालकाला देतं. म्हणून त्या पेटीवर दिवे लागतात. पण पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की मालक भाडेकरूला हाकलतो. मग प्रवाळ पांढरंफटक पडतं आणि उपाशी मरू शकतं.”

काकूंनी हात थांबवला. “भाडं देणाऱ्याला हाकलायचं? डोस्कं फिरल्यालं हाय का त्येचं?”

“उन्हानं फिरतं.”

“मग हितं मे म्हैन्यात त्येचं काय हुईल?”

जावयाचं पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर राहतं, आपल्याकडे सावलीत चाळीस होतात. शिवाय लिटरला 35 ग्रॅम मीठ. दोनशे लिटरला किती, हे काकूंनी माझ्याआधी बोटांवर मोजलं.

“सात किलू! आम्ही हितं टँकरची वाट बघत बसायचं अन् तकडं जावई चांगल्या गोड्या पाण्यात मीठ कालवायलेत. माझ्या पोरीनं फोनवर कदी सांगितलं न्हाई वं ह्ये.”

मग विमानतळाची गोष्ट आली. ती काकूंनी अशी सांगितली, की जणू त्या स्वतः रांगेत उभ्या होत्या. एकात एक दोन पिशव्या, आत थोडंसं समुद्राचं पाणी, वर फुगवलेली हवा, रबर घट्ट, बाहेरून थर्माकोलचा डबा. तपासणारा म्हणाला, हे काय? जावई म्हणाले, प्राणी. त्यानं डबा उघडला. आत तपकिरी काटकी. त्यानं जावयाकडं बघितलं, जावयानं त्याच्याकडं.

“अन् सोडलं की! आमच्या पोरीकडं जाताना माझ्या पिशवीतल्या खोबऱ्याच्या वाट्या मातुर काढून ठिवल्या. भवानीच्या वटीतलं खोबरं, बाई! अन् ह्येंचं जितं जनावर, पाण्यासकट, हातात घिऊन बसले.”

यात काकूंचं दुःख खरं असलं, तरी तपासणाऱ्याची चूक नव्हती. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या जगात ते धोक्याच्या मालात मोडतं. पाण्याचं म्हणाल, तर 2006 साली लंडनहून निघणारी विमानं बाटल्यांतल्या द्रवानं उडवण्याचा कट पकडला गेला, तेव्हापासून हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरची अट आली. पण जिता मासा किंवा जितं प्रवाळ पाण्याशिवाय नेणार कसं? म्हणून अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षेनं त्यांना सूट ठेवलीय. भांडं पारदर्शक हवं, अधिकाऱ्याला तपासू द्यायला हवं. विमान कंपनीला आधी विचारलेलं बरं, ते वेगळं.

“मग बरं झालं,” काकू म्हणाल्या, “जावई म्हणायलेत, दिवाळीला येताना एक तुकडा आणतो, आईच्या हॉलात पेटी करतो.”

आता माझ्या हातातला तांब्या थांबला.

“काकू, आजच फोन करा. तिथल्या तिथं नेणं निराळं आणि देशाची हद्द ओलांडणं निराळं. असल्या प्रवाळाला आंतरराष्ट्रीय करारानुसार निघताना त्या देशाचा परवाना लागतो, इथं आणायला इथली परवानगी. आणि आपल्याकडचा कायदा तर फार कडक. 1972 चा वन्यजीव कायदा आहे ना, त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून प्रवाळ आहे.”

“पयल्या म्हंजी?”

“वाघाच्या रांगेत.”

“माय माय!”

“तीन ते सात वर्षं कैद आणि दंड कमीत कमी पंचवीस हजार. मुंबईत कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ निघालं. महापालिका एवढी मोठी, पण तिलाही वन्यजीव खात्याची परवानगी काढावी लागली. 2020 मध्ये गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचे लोक आले आणि त्यांनी ते अलगद उचलून दुसरीकडे लावलं. बघायचंच असेल तर आपलं मालवण आहे, 1987 पासून सागरी अभयारण्य. पाण्यात उतरा, डोळे भरून बघा, उचलू नका.”

काकू गप्प झाल्या. काकू गप्प होणं ही आमच्या गल्लीत बातमी असते.

“बाई,” थोड्या वेळानं आवाज खाली आला, “समुद्रातलं समदंच बंद हाय का? माझी कवड्याची माळ?”

“ती खुशाल घाला. भवानीची कवडी साधी असते.”

“अन्... इंद्रजाल?”

“कसलं इंद्रजाल?”

त्यांनी दाराकडं बोट केलं. चौकटीवर काचेची फ्रेम, आत काळीभोर, जाळीसारखी पसरलेली काटकी, वर हळदीकुंकू. गेल्या वर्षी एका जत्रेत घेतलेली. विकणारा म्हणाला होता, दाट जंगलातली मुळी हाय. नजर लागत न्हाई, वास्तुदोष जातो. अकराशे रुपये.

मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. ना मूळ, ना पान, ना गाठ.

“काकू, ही मुळी नाही. हे समुद्रातलंच. ह्याला समुद्रपंखा म्हणतात. काही ठिकाणी काळं प्रवाळ विकतात. दोन्ही त्याच पहिल्या अनुसूचीत. समुद्राच्या तळाला चिकटून राहणारं जनावर आहे हे, फक्त मेलेलं.”

“म्हंजी जावयानं डबा उघडून दावला, त्यो सुटला. अन् मी चोरीचं मढं दारावर टांगून रोज हळदीकुकू वाहायले?”

आतून काकांचा खोकला ऐकू आला. हा खोकला फार जुना. ‘मी तेव्हाच म्हणलं होतं’ असा त्याचा अर्थ.

संध्याकाळी काकूंनी वनखात्याच्या 1926 या नंबरवर स्वतः फोन लावला, सगळं खरं सांगितलं आणि फ्रेम दाराआड भिंतीला टेकवून ठेवली. हळदीकुंकू पुसलं. जावयालाही सांगून टाकलं: दिवाळीला या, रिकाम्या हातानं या, खोबरं हितंच मिळतं.

नळदुर्ग-तुळजापूरच्या जत्रांत उद्या तुमच्यापुढंही कुणी ‘इंद्रजाल’ धरील आणि जंगलातली मुळी म्हणेल. काळी जाळी दिसली की पैसे कमरेलाच ठेवा. घेणारा नसेल, तर समुद्रातून ते उपटणाराही राहणार नाही.