मोजणीमास्तर

मावळात भाताची झोडणी उरकली, थंडी पडली, की मोजणीमास्तरांचा हंगाम सुरू होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला असा एखादा गुरुजी कामशेत ते लोणावळा पट्ट्यात हटकून भेटतो. नोकरीत सरकारने त्यांना माणसं मोजायला लावली, मतदार मोजायला लावले, खिचडीचा तांदूळही मोजायला लावला. निवृत्तीनंतर मोजायला उरली फक्त पेन्शन, आणि ती फार लवकर मोजून होते. मग कुणीतरी सांगितलं, की दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते. १९८७ पासून चालू आहे, भारतातलं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी बघते आणि मोजणाऱ्याला मानधन मिळत नाही. मानधन नाही म्हटल्यावर मास्तरांची खात्रीच पटली, की हे काम आपलंच!

पवना धरणाच्या काठी ते उजाडताच हजर. डोक्याला माकडटोपी, गळ्यात दुर्बीण, हातात पॅड आणि पॅडला दोऱ्याने बांधलेलं पेन. सोबत आठवीतली दोन पोरं. हजेरी सुरू होते.

“हळदीकुंकू बदक?”

“चौदा, गुरुजी.”

“पाणकावळे?”

“एकतीस.”

“एक आत्ताच बुडालाय. वर येईपर्यंत थांब. आल्याशिवाय हजेरी लावायची नाही.”

मोठा थवा असला तर आधी दहा-वीस पक्षी नीट मोजावेत, तेवढ्या थव्याने किती जागा व्यापली ते बघावं आणि बाकीचा अंदाज करावा, अशी शास्त्राचीच मुभा आहे. मास्तरांना ती मान्य नाही. “मतदान केंद्रावर मी कधी ‘सुमारे सातशे मतदार’ असं लिहून दिलं का?” त्यामुळे वारकरी बदकांचा काळा थवा ते एकेक करून मोजतात. दोनशे बारावर आले, की नेमक्या कुणाच्या तरी म्हशी पाण्यात उतरतात आणि थवा भुर्रकन उठतो. मास्तर म्हशीवाल्यावर ओरडतात, पुन्हा एकपासून सुरुवात करतात आणि जुन्या सवयीने म्हशीही मोजून ठेवतात.

त्यांचं खरं वैर पुण्याहून येणाऱ्या छायाचित्रकाराशी. तो पहाटेच गाडी काढतो, तोफेएवढी लेन्स लावतो आणि विचारतो, “काका, काही स्पेशल आहे का आज? की नेहमीचंच?”

“नेहमीचंच आहे,” मास्तर म्हणतात, “आणि ते तीन कमी आहे.”

तो चक्रवाकाची जोडी टिपून तासाभरात मिसळ खायला निघून जातो. मास्तर टिटव्या, ढोकऱ्या, तुतवार मोजत राहतात. जो पक्षी दिसला नाही त्याची जागाही ते कोरी सोडत नाहीत. तिथे सरकारी वळणात शब्द पडतो : निरंक.

गावाला हे वेड वाटतं. पण २०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल आला. त्यात भारतातल्या ९४२ जातींचा लेखाजोखा आहे आणि तो उभा राहिला तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर. (मास्तरांच्या हाती तो पडला तर ‘सुमारे’वर लाल खूण होणार.) अनेक पक्षी घटत असल्याचं त्यात दिसतं आणि त्यात नेहमीचे, ओळखीचे पक्षीही आहेत. दुर्मीळ पक्षी आला तर त्याचा फोटो निघतो. रोजचा पक्षी हळूहळू कमी झाला, तर ते फक्त त्यालाच कळतं ज्याने मागच्या वर्षीचा आकडा लिहून ठेवलेला असतो. आजचा निरंक ओळखायला कालची बेरीज लागते.

तेव्हा जानेवारीत मास्तरांच्या मदतीला जा. तेवढं जमत नसेल तर फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या परसबागेतल्या पक्षीगणनेला अंगण आणि पंधरा मिनिटं पुरतात. दुर्बीण नसली तरी चालेल. फक्त पॅडला पेन बांधून न्या, कारण मास्तर स्वतःचं पेन कुणाला देत नाहीत.