नारळ सगळ्यांचेच

पुण्याच्या निवडणुकीत पहिलं मत कुणाला पडतं ते सांगता येत नाही, पण पहिला नारळ कुठे फुटतो ते शेंबडं पोरही सांगेल. कसबा गणपतीपुढे. एका पक्षाचा उमेदवार उपरणं सावरत, डोळे मिटून उभा असतो, तेव्हा दुसऱ्या पक्षाची माणसं बाहेर चपलांपाशी ताटकळत असतात. एकमेकांना ‘काय, बरंय ना?’ म्हणून आत-बाहेर होतात. हे ग्रामदैवत, त्यात मानाचा पहिला गणपती. तो सगळ्यांचं गाऱ्हाणं सारख्याच गांभीर्याने ऐकतो आणि शब्द मात्र कुणालाच देत नाही. कसब्याचा अस्सल मतदार दाखवा म्हटलं, तर मी त्या शेंदराने माखलेल्या मूर्तीकडेच बोट दाखवीन.

तसं पाहिलं तर पेठेत गुप्त मतदान ही केवळ सरकारी समजूत आहे. कुठल्या घरी कुठलं वर्तमानपत्र येतं, कुणाच्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे, कोण पहाटे शाखेत जाई आणि कोण गांधी टोपीला इस्त्री करून घेई, याची नोंद जिन्याच्या कठड्यांनासुद्धा असते. शनिवार, सदाशिव, नारायण या पेठा अमक्यांच्या, पूर्वेकडच्या तमक्यांच्या, असं चहाच्या दुसऱ्या कपाआधी कुणीही मांडून देतं. भाजपचे गिरीश बापट १९९५ पासून पाच वेळा कसबा मतदारसंघातून आमदार झाले आणि त्याला पक्षाचा ‘बालेकिल्ला’ म्हणायची सवय लागली. मात्र त्याच बापटांना १९९१ च्या पोटनिवडणुकीत याच पेठांनी घरी बसवलं होतं, हे सांगताना जुनी माणसं आवाज किंचित खाली आणतात. लग्न जमवताना आधीच्या मोडलेल्या सोयरिकीचा विषय निघावा तसा. पुढे बापट जिंकत राहिले ते पक्षाच्या बळावर, की लग्नाला, दहाव्याला, कट्ट्यावरच्या गप्पांना न चुकता हजर राहण्याच्या बळावर, याचा हिशेब मतमोजणीत निघत नाही. यंत्राला चिन्ह कळतं, दहाव्याला कोण आलं होतं ते कळत नाही.

आमदार मुक्ता टिळकांच्या निधनानंतर २०२३ मध्ये पोटनिवडणूक लागली. प्रचारात ‘हू इज धंगेकर?’ असा इंग्रजी सवाल झाला. पुण्यात असा प्रश्न विचारणं धोक्याचं. इथे उत्तर देण्यापेक्षा उत्तराची पाटी लावण्याची हौस मोठी. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर भाजपच्या हेमंत रासने यांना हरवून सुमारे ११ हजार मतांनी निवडून आले आणि ‘धिस इज धंगेकर’चे फलक झळकले. गंमत अशी की हेच धंगेकर २००९ मध्ये मनसेचा झेंडा घेऊन याच पेठांत मतं मागत फिरले होते. झेंडा बदलला होता, माणूस ओळखीचाच होता. बालेकिल्ला ढासळला म्हणून देशभर चर्चा झाल्या. मग २०२४ च्या नोव्हेंबरात तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, आणि या वेळी, गेल्या खेपेस हरलेले रासने जिंकले, तेही आधीच्याहून मोठ्या फरकाने. दोन वर्षांच्या आत पेठेने दोघांनाही रडवलं आणि दोघांनाही गुलाल लावला. जाणकारांनी दोन्ही वेळा कारणं दिली, आणि दोन्ही वेळा ती पटली.

पण या सगळ्या आकड्यांत एक माणूस नेहमी निसटतो, तो म्हणजे पेठ सोडून गेलेला. वाडे पडले, इमारती उठल्या, मुलं कोथरूडला, धायरीला, काही थेट अमेरिकेला गेली. माणसं गेली तरी मतदार यादीतली नावं मात्र जागची हलली नाहीत; जो वाडा जमिनीवर उरला नाही, तो यादीत घरक्रमांकासह उभा आहे. अंगणातला आड, सामायिक नळ, जिन्याखालची सायकल, सगळं त्या एका ओळीत नांदतं. म्हणून मतदानाच्या दिवशी पेठेत एक वेगळीच वर्दळ असते. पांढऱ्या केसांचे मुलगे, नातवंडांच्या आज्या झालेल्या मुली रिक्षातून उतरतात आणि शाळेच्या दाराशी एकमेकांना जुन्या हाकेने बोलावतात. राज्य कुणाचं येणार याची काळजी त्यांना असतेच. पण समोरच्या वाड्यातली सुमी येणार का, याची जरा जास्त असते.

केंद्रापासून १०० मीटरपलीकडे पक्षांची टेबलं मांडलेली असतात. तिथला कार्यकर्ता यादीवर पेन टेकवून प्रत्येक चेहरा ‘आपला’ की ‘त्यांचा’ हे पारखत असतो. अशा वेळी एखाद्या नऊवारीतल्या आजी येतात, एका टेबलावरून नावाची चिठ्ठी घेतात, कार्यकर्त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि तो खूश होऊन त्यांच्या नावापुढे खूण करतो. चार पावलांवर दुसऱ्या टेबलाशी त्या पुन्हा थांबतात, तिथूनही चिठ्ठी घेतात, तिथल्या मुलाच्या बारशाला यायचं राहिलं म्हणून हळहळतात. तोही खूण करतो. सोबतची सून हसून विचारते, ‘आई, दोन चिठ्ठ्या कशाला?’

‘अगं, मत एकालाच देता येतं,’ आजी म्हणतात. ‘चिठ्ठी दोघांची घेतली तर बिघडलं कुठे? दोन्ही पोरं माझ्या समोरच वाढली आहेत.’